हॉटेलात समोरच्याचं बोलणं का ऐकू येत नाही, आणि काय केलं तर येतं

हॉटेलात जेवायला गेल्यावर समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं की आपण गाण्यांना तरी दोष देतो, नाहीतर स्वतःच्या कानांना. घरातली ज्येष्ठ मंडळी तर कानांनाच दोष देऊन मोकळी होतात आणि पुढच्या वेळी "तुम्ही जाऊन या, आम्ही घरीच बरे" म्हणतात. प्रत्यक्षात हा गोंगाट स्पीकर, खोली आणि माणसं अशा तिघांनी मिळून केलेला असतो. स्पीकर बहुतेक वेळा फक्त सुरुवात करून देतो. गोंगाट हाताबाहेर जातो खोलीमुळे आणि माणसांमुळे. हे कसं घडतं ते एकदा कळलं की कुठे बसायचं, किती वाजता जायचं आणि मॅनेजरला नेमकं काय सांगायचं हे ठरवता येतं. नागपुरात धरमपेठ, सदर किंवा वर्धा रोडवर जेवायला जाणाऱ्यांना याचा उपयोग आहेच. नागपूरहून परदेशी गेलेल्या मुलांना आणि त्यांच्याकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना तो जास्त आहे, कारण तिथे गोंगाटात परकी भाषा ऐकायची असते.

आवाजाची बेरीज वेगळी असते

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण त्याची बेरीज साधी नसते. ६० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर १२० होत नाहीत, ६३ होतात. म्हणजे ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट झालेली असते, पण कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, आणि निम्मा वाटायला तितकेच कमी व्हावे लागतात. मॅनेजरने "कमी केलं साहेब" म्हणूनही आपल्याला काहीच फरक पडलेला वाटत नाही, त्याचं कारण हेच. त्याने खरोखर कमी केलेलं असतं, पण दोन-तीन डेसिबलच.

आता माणसाचा आवाज घ्या. एक मीटर अंतरावरून सहज बोललेलं सुमारे ६० डेसिबल भरतं. जरा आवाज चढवला तर ६६, मोठ्याने बोललं तर ७२, आणि ओरडण्याच्या जवळ गेलं की ७८. चांगल्या कानांच्या माणसाला गप्पा विनासायास कळायला बोलणं आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा काही डेसिबलने तरी वर असावं लागतं. ऐकू कमी येणाऱ्याला हा फरक १५ डेसिबलच्या आसपास लागतो. गोंगाट ७५ वर गेला की सहज बोलण्याने तो ओलांडता येत नाही, मोठ्यानेच बोलावं लागतं. सत्तरीच्या काकूंसाठी १५ डेसिबलचा फरक ठेवायचा तर ९० डेसिबलने बोलावं लागेल, आणि तसं कुणीच बोलत नाही. काकू मग नुसती मान डोलावतात.

मोठ्याने बोलणं ही सवय नाही, ती शरीराची प्रतिक्रिया आहे. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये ती नोंदवली. भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही वाढवतो. साधारण अंदाज असा की गोंगाट १ डेसिबलने वाढला तर माणूस अर्ध्या डेसिबलने आवाज चढवतो. प्रत्येक टेबल हेच करतं आणि एका टेबलाचं बोलणं दुसऱ्यासाठी गोंगाट ठरतं, त्यामुळे चढाओढ सुरू होते. बोलणारी माणसं दुप्पट झाली तर नुसत्या बेरजेने ३ डेसिबल वाढायला हवेत, पण या चढाओढीमुळे ते ६ च्या आसपास वाढतात. साडेसातला बरं वाटणारं हॉटेल साडेनऊला असह्य होतं ते त्यामुळे, मग गाण्यांचं बटण कुणी हलवलेलं नसलं तरी. आणि बहुतेक ठिकाणी ते हलवतातही. गर्दीत गाणी ऐकू येईनाशी झाली म्हणून कुणीतरी व्हॉल्यूम वर करतो आणि चढाओढीची पुढची फेरी सुरू होते.

खोली काय करते

खोलीत आवाज किती वेळ घुमत राहतो याचा हिशेब हार्वर्डच्या वॉलेस सबिन यांनी १८९० च्या दशकात बसवला. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतले पृष्ठभाग मिळून जेवढा आवाज शोषतात त्या आकड्याने भागायचं. उत्तर सेकंदात येतं.

चाळीस फूट लांब, सव्वीस फूट रुंद, दहा फूट उंच असा एक हॉल धरू. घनफळ साधारण २९० घनमीटर. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपीचं छत, एका बाजूला मोठी काच, बाकी भिंती प्लास्टरच्या. हे सगळे पृष्ठभाग आवाजाचा शंभरातला दोन ते चार टक्केच भाग गिळतात, उरलेला परत फेकतात. असा हॉल सामानाविना रिकामा असेल तर आवाज विरायला साडेचार सेकंदांहून जास्त लागतात. चाळीस माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं बरंच शोषून घेतात, तरी दीड सेकंदाच्या वरच राहतं. बोलण्यातलं एक अक्षर सेकंदाच्या पाचव्या भागात संपतं. म्हणजे पहिल्या अक्षराचा घुमारा पुढच्या सहा-सात अक्षरांवर सांडत राहतो.

मोकळ्यावर बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये तसं होत नाही. काही अंतरापर्यंतच बोलणाऱ्याचा थेट आवाज वरचढ असतो, त्यापलीकडे घुमाराच जास्त. वर धरलेल्या हॉलमध्ये ते अंतर एक मीटरच्या आसपास भरतं. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस त्या सीमेवर असतो आणि दहा जणांच्या लांब टेबलाच्या टोकाला बसलेला तिच्या बराच बाहेर. दूरच्या कोपऱ्यातला वाढदिवस मात्र, तो दूर असूनही, पुरेपूर ऐकू येतो.

नागपूरच्या हवामानाचाही यात वाटा आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असताना दारंखिडक्या बंद ठेवून एसी लावण्याला पर्याय नसतो. जिथे एसी नाही तिथे डेझर्ट कूलर असतो, आणि मोठा कूलर शेजारी असला तर तो एकटाच सहज बोलण्याच्या पातळीला जाऊन पोचतो. हिवाळ्यात हेच उलटं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लॉनवर किंवा मोकळ्या गच्चीवर बसायची सोय असेल तर तीच घ्यावी. आवाजाला परत फेकणारं छत तिथे नसतं, त्यामुळे तेवढ्याच माणसांत, तेवढ्याच गाण्यांत बोलणं कितीतरी स्पष्ट कळतं. आजीला हॉटेलात न्यायचं तर डिसेंबरची दुपार आणि लॉन, इतकं सोपं उत्तर पुष्कळदा असतं.

गाण्यातलं काय आड येतं

गाण्याचा सगळाच आवाज सारखा त्रास देत नाही. ढोल आणि बेसचा जाडा आवाज मोठा झाला की तो स्वतःपेक्षा बारीक सुरांनाही झाकून टाकतो. बारीक आवाज जाड्याला तितकं झाकू शकत नाही. बोलण्यातली व्यंजनं बारीक सुरांत असतात: स, श, ट, क, प, त. स्वर जाडे आणि दमदार असतात, ते पोचतात. म्हणून गोंगाटात समोरचा बोलतोय हे ऐकू येतं पण "ताक" म्हणाला की "पाक", "सात" की "साठ" हे कळत नाही. नुसता बेस उतरवला तरी बोलणं स्पष्ट होतं, आणि गाण्याची मजा फारशी जात नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. कळणाऱ्या भाषेतले शब्द मेंदू आपोआप उचलतो. ओळखीचं हिंदी गाणं चालू असेल तर लक्षाचा एक हिस्सा तिकडे जातोच, तेवढ्याच आवाजातली बासरी किंवा सतार इतकं लक्ष ओढत नाही. मॅनेजर आवाज कमी करायला तयार नसेल तर "फक्त वाद्यांचं काही लावता का?" हे विचारून बघण्यासारखं आहे.

मोठी गाणी लावण्यामागे मालकाचा हिशेबही असतो. फ्रान्समध्ये निकोला गेगाँ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारमधलं संगीत ७२ वरून ८८ डेसिबलवर नेलं, तेव्हा तरुण गिऱ्हाइकांनी जास्त ग्लास घेतले आणि प्रत्येक ग्लास लवकर संपवला. बारसाठी हा नफा असेल. जेवणाच्या जागेला तो लागू करताना मालकांनी दुसराही एक प्रयोग लक्षात ठेवावा. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात भोवती मोठा आवाज असताना खाणाऱ्यांना तेच पदार्थ कमी गोड आणि कमी खारट लागले. स्वयंपाकघरात दिवसभर राबून साधलेली चव हॉलमधल्या स्पीकरने बोथट करणं हे खानसाम्यावर अन्यायाचं आहे.

कुठे बसायचं

जागा निवडण्याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेच पडत नाही, म्हणून यावर थोडं सविस्तर.

आत शिरताच आधी वर बघा. छतात गोल जाळीचे स्पीकर असतात, किंवा कोपऱ्यात खोके टांगलेले. दोन स्पीकरच्या मधलं टेबल घ्या, थेट खालचं नको. मग पाहा स्वयंपाकघराचं दार, बिलाचं काउंटर, ज्यूसचा मिक्सर, कूलर आणि हात धुवायची जागा कुठे आहे. भांडी आपटण्याचा आवाज थोडा वेळच होतो, पण तो नेमका व्यंजनांच्या सुरात असतो आणि वाक्यातला शब्द खाऊन टाकतो. यांच्यापासून लांब, गादीच्या उंच पाठीचा सोफा असलेला कोपरा मिळाला तर तो सोडू नका. ती पाठ मागचा आवाज अडवतेही आणि थोडा शोषतेही. काचेला लागून असलेली जागा दिसायला छान असते, ऐकायला वाईट.

टेबलाचा आकार महत्त्वाचा. बोलणाऱ्यापासूनचं अंतर १२० सेंटिमीटरवरून ६० वर आणलं की त्याचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, फुकटात. चौघांनी चौकोनी टेबलाच्या कोपऱ्याला कोपरा लावून बसावं. दहा जण असाल तर एक लांब टेबल मागण्याऐवजी पाच-पाचांची दोन घ्या आणि जेवण निम्मं झाल्यावर जागा बदला. साखरपुड्यानंतरच्या जेवणात वीस माणसं एका रांगेत बसवली की टोकाची मंडळी कार्यक्रमातून बाहेरच पडलेली असतात.

ज्येष्ठांना बसवताना काही गोष्टी पाहाव्यात. एक कान कमजोर असेल तर तो स्पीकरकडे ठेवा आणि चांगला कान माणसांकडे. श्रवणयंत्र नसेल तर पाठीशी भिंत किंवा सोफ्याची उंच पाठ असू द्या. समोरचं ऐकणारं, म्हणजे दिशेनुसार आवाज उचलणारं श्रवणयंत्र असेल तर उलटं करावं लागतं: गोंगाट पाठीमागे आणि बोलणारा समोर, कारण ते यंत्र मागचा आवाज कापतं. शिवाय उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडायला हवा. ओठ आणि चेहरा दिसला की न ऐकू आलेलं बरंच भरून निघतं. मेणबत्तीच्या अंधुक उजेडात ती मदत जाते.

वेळेचं थोडक्यात: शनिवार-रविवारी रात्री नऊ ते साडेदहा टाळा, साडेसातला जा, किंवा दुपारी.

मॅनेजरला काय सांगायचं

वेटरला सांगून फारसं होत नाही, कारण व्हॉल्यूमचं बटण त्याच्या हातात नसतं. कॅप्टन किंवा मॅनेजरला सांगा, आणि शक्यतो टेबल बुक करतानाच फोनवर: "सोबत ज्येष्ठ आहेत, कमी ऐकू येतं, स्पीकरपासून लांबचं टेबल द्या." कारण सांगितलं की माणसं मनापासून मदत करतात.

पोचल्यावर नुसतं "म्युझिक कमी करा" म्हणू नका. नेमकं मागा. "भाऊ, आमच्या वरचा स्पीकर बंद होतो का?" पुष्कळ ठिकाणी सगळे स्पीकर एकाच ॲम्प्लिफायरवर असतात आणि एकटा बंद करता येत नाही. तसं उत्तर आलं तर पुढची मागणी: "मग बेस पूर्ण खाली घ्या, आणि आवाज आत्ता आहे त्याच्या निम्मा वाटेल इतका करा." निम्मा हा शब्द मुद्दाम वापरायचा. तो १० डेसिबलचा आहे हे त्याला माहीत असण्याची गरज नाही, पण त्याचा हात दोन खुणांऐवजी बराच खाली जाईल. हे हॉल भरण्याआधी सांगावं. माणसांची चढाओढ एकदा पेटली की गाणी पूर्ण बंद केली तरी ती लगेच ओसरत नाही.

फोनवर मोजायचं असेल तर

आयफोनवर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं मोफत ॲप मिळतं. अँड्रॉइडवर बरीच ॲप्स आहेत, पण त्यांचे आकडे फोनगणिक तीन ते पाच डेसिबलने इकडेतिकडे होतात. फोनचं कव्हर काढा, माइकवर बोट येऊ देऊ नका, फोन कानाच्या उंचीला धरा, मोजणी "ए" प्रकारावर (dBA) ठेवा आणि तीन ते पाच मिनिटांची सरासरी घ्या. क्षणात दिसलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याला अर्थ नाही, तो बहुधा पडलेल्या चमच्याचा असतो. मोजताना आपल्या टेबलावर गप्प बसायचं, नाहीतर आपण स्वतःलाच मोजतो.

सरासरी ७० च्या खाली आली तर गप्पा होतील. ७० ते ७५ मध्ये श्रम पडतील. ७५ ते ८० मध्ये आवाज चढवावाच लागेल. ८० च्या वर असेल आणि सोबत कमी ऐकू येणारं माणूस असेल तर जागा बदलावी किंवा हॉटेल. ॲप नसेल तर हात लांब करा: हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर गोंगाट ८५ च्या आसपास आहे.

८५ हा आकडा कानाच्या सुरक्षेचा आहे. दिवसात ८ तास ८५ डेसिबल ही कामगारांसाठी नायॉशने सुचवलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. दोन तास जेवून घरी जाणाऱ्याला ८५ चा धोका फारसा नाही. धोका आहे तो ताट वाढणाऱ्या पोराला, जो ८८ डेसिबलच्या हॉलमध्ये रोज आठ-दहा तास काढतो. आवाज कमी करायला सांगताना आपण त्याचीही बाजू घेत असतो. कानातल्या सूक्ष्म केसपेशी प्रत्येक कानात जन्मतः सुमारे १५ ते १६ हजार असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

कानात काय घालावं

फोमचे स्वस्त बोळे गोंगाट खूप कापतात, पण बारीक सूर जास्त कापतात, म्हणजे नेमकी व्यंजनं. झोपायला ते चांगले, जेवताना नकोत. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग सगळे सूर सारखेच, १२ ते २० डेसिबलने उतरवतात. गोंगाट ८५-९० च्या वर असेल आणि कान निरोगी असतील तर ते घालून बोलणं उलट स्पष्ट कळू शकतं, कारण कानावर पडणारा अतिरेकी भार हलका होतो. ७५ च्या हॉलमध्ये त्यांचा फायदा नाही. एक अडचण: कान बंद असला की स्वतःचा आवाज डोक्यात मोठा वाटतो आणि माणूस हळू बोलू लागतो, त्यामुळे समोरच्याला आपलं कळत नाही. प्लग घातलेत तर मुद्दाम जरा मोठ्याने बोला. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांनी हे वापरू नयेत.

ॲपलच्या एअरपॉड्समध्ये लाइव्ह लिसन ही सोय आहे. फोन बोलणाऱ्यासमोर ठेवायचा, त्याचा आवाज आपल्या कानात येतो. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला की उपयोग संपतो, तो बोलणाऱ्याच्या हातभर जवळच हवा. अँड्रॉइडवरचं गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब बोललेलं पडद्यावर लिहून दाखवतं, मराठीतही. मोठ्या गोंगाटात तेही चुकतं, म्हणून फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणायचा.

श्रवणयंत्र असलेल्यांनी घरून निघायच्या आधी एक बघावं: यंत्रात गोंगाटासाठीचा वेगळा प्रोग्राम आहे का, आणि तो कोणत्या बटणाने लागतो. पुष्कळ यंत्रांत तो असतो आणि वर्षानुवर्षं कुणी लावलेला नसतो. हॉटेलात आवाज वाढवणं ही नेहमीची चूक. त्याने गोंगाटही तितकाच वाढतो.

परदेशात जास्त का दमायला होतं

शांत खोलीत इंग्रजी अगदी सहज कळणाऱ्या माणसालाही गोंगाटात ते मातृभाषेइतकं कळत नाही. मातृभाषेत अर्धा शब्द ऐकू आला तरी मेंदू उरलेला भरून काढतो, कारण पुढे काय येणार याचा अंदाज पक्का असतो. शिकलेल्या भाषेत तो अंदाज कच्चा असतो, म्हणून तेवढ्याच गोंगाटात जास्त शब्द हातचे जातात. ह्यूस्टनच्या ऑफिसात रोज मीटिंगा चालवणारी मुलगी शुक्रवारच्या जेवणात सहकाऱ्यांच्या गप्पांत गप्प राहते, ती भाषेत कमी पडते म्हणून नाही. आणि दोन तासांनी डोकं दुखतं ते खरंच श्रमाने दुखतं.

यावरचा उपाय म्हणजे अंदाज आधी पक्का करणं. मेनू घरीच वेबसाइटवर वाचून काय मागवायचं ते ठरवा. वेटरचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात: पाणी साधं की फसफसणारं, काही ॲलर्जी आहे का, मांस किती शिजवायचं, सोबत काय हवं, बिल एकत्र की वेगळं. जर्मनीत शेवटचा प्रश्न "त्सुझामेन ओडर गेट्रेंट?" असा येतो. या क्रमाची उजळणी आईवडिलांकडून एकदा करून घेतली तर गोंगाटातही त्यांना वेटरच्या ओठांवरून कळतं की आता काय विचारतोय. शाकाहाराबद्दल बोलण्यावर विसंबू नका. "मांस, मासे, अंडी नको" हे तिथल्या भाषेत फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा.

ऐकू आलं नाही तर "व्हॉट?" म्हटल्याने समोरचा सगळं वाक्य तसंच परत म्हणतो आणि तेच शब्द पुन्हा बुडतात. त्यापेक्षा कळलेला भाग सांगून उरलेला विचारा: "यू सेड सॅटर्डे, बट वॉट टाइम?" समोरचा मग हवा तेवढाच शब्द म्हणतो, आणि जरा नीट म्हणतो.

टेबल मागताना इंग्रजीत "कुड वी हॅव अ क्वाएट टेबल, अवे फ्रॉम द स्पीकर्स?" हे पुरतं. जर्मनीत गाणी कमी करायला सांगायचं तर "क्योन्टन झी दी मुझीक एटवास लायझर माखन, बिटं?" ही मागणी तिथे कुणाला उद्धट वाटत नाही, सभ्यपणे केली की झालं. अमेरिकेत साउंडप्रिंट नावाचं ॲप आहे, त्यात लोकांनी मोजलेले हॉटेलांचे आकडे असतात. ७० पर्यंत शांत, ८१ च्या वर फार गोंगाटाचं अशी त्याची वर्गवारी आहे. आईवडील यायच्या आधी घराजवळची दोन-तीन शांत ठिकाणं त्यात शोधून ठेवता येतात. ऑफिसच्या जेवणाची जागा ठरवायची जबाबदारी आपणहून घेतली तर आणखीच बरं, कारण जागा निवडणाराच गोंगाट निवडतो.

हॉटेल चालवणाऱ्यांसाठी

वर धरलेल्या हॉलचं उदाहरण पुढे नेऊ. छताच्या निम्म्या भागाला, म्हणजे सुमारे ५०० चौरस फुटांना, आवाज शोषणारे पॅनल लावले तर चाळीस माणसं असताना घुमारा दीड सेकंदाच्या वरून पाऊण सेकंदाच्या खाली येतो. गोंगाट त्यामुळे साडेतीन डेसिबलने उतरतो. पण आता कुणाला आवाज चढवावा लागत नाही, म्हणून प्रत्यक्षातला फरक सात डेसिबलपर्यंत जातो. हा फरक गिऱ्हाइकाला दारातच जाणवतो.

पॅनल म्हणजे ५० मिलिमीटर जाडीची रॉकवूल किंवा ग्लासवूलची पाटी, वर हवा आरपार जाणारं कापड. ती छताला चिकटवण्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली टांगली तर जाडे सूरही जास्त शोषते. कापडावर ऑइल पेंट मारला की छिद्रं बुजतात आणि पॅनल निकामी होतं. अंड्यांचे ट्रे, प्लास्टिकचं गवत, पीव्हीसीच्या पट्ट्या आणि पातळ फोम यांचा भरवसा धरू नका, पैसे वाया जातात. साधा पीयू फोम तर लावूच नका, तो आग झपाट्याने पसरवतो. कोणतंही सामान घेताना आगीच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा.

यापेक्षा स्वस्त कामंही आहेत. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या, काचेसमोर दहा सेंटिमीटर सोडून जाड चुण्यांचा पडदा, स्वयंपाकघराला आपोआप मिटणारं दार. दोन मोठ्या स्पीकरऐवजी आठ लहान, प्रत्येक हळू. आणि ॲम्प्लिफायरवर वरची मर्यादा बांधून ठेवा, म्हणजे गर्दी वाढली तरी बटण त्यापुढे जाणार नाही.

कायद्याबद्दल एक गैरसमज आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागाला ६५ आणि ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे आकडे परिसरासाठी आहेत, आतल्या गिऱ्हाइकाच्या टेबलासाठी नाहीत. मोकळ्या गच्चीवरचे स्पीकर रात्री दहानंतर शेजाऱ्यांची झोप मोडत असतील तर पोलिसांकडे, ११२ वरही, तक्रार करता येते. आत जेवणाऱ्याला मात्र मॅनेजरशीच बोलावं लागतं.

कान तपासायचे कधी

हॉटेलातून आल्यावर कानात शिटी वाजणं किंवा कान दडे बसल्यासारखे वाटणं सकाळपर्यंत जायला हवं. चोवीस तासांनंतरही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा, त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडतात. शांत घरातही टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, किंवा हॉटेलात टेबलावरच्या बाकी सगळ्यांना कळतं आणि एकालाच नाही असं वारंवार होत असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्यावी. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.

चाचणीच्या आधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहा, आदल्या रात्रीची वरात किंवा डीजे निकाल बिघडवतो. ही चाचणी शांत खोलीत एकेका सुट्या सुरावर होते, त्यामुळे ती नॉर्मल येऊनही गोंगाटात न कळण्याची तक्रार खरी असू शकते. ऑडिओलॉजिस्टला ती स्पष्ट सांगा आणि गोंगाटात बोलणं ओळखण्याची वेगळी चाचणी होते का ते विचारा. श्रवणयंत्र घ्यायची वेळ आली तर शांत क्लिनिकमध्ये ऐकून पसंत करू नका. चाचणीसाठी काही दिवस घरी मागून घ्या आणि त्यातला एक शनिवार रात्रीच्या हॉटेलात काढा. कुठे, किती वाजता आणि कुणाचं बोलणं कळलं नाही ते लिहून परत न्या, म्हणजे यंत्राचा प्रोग्राम त्याप्रमाणे बसवता येतो.